डोळ्यांना पिवळं

३ जानेवारी २०००

चि. निकू,

तू दुसरीत होतास. चंद्रपूरला गोल बाजारात तुला शाळेचे काळे बूट घेतले आणि तू ते दुकानातच पायात घातलेस, डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात. बदल म्हटलं तर म्हणालास, असेच बरे आहेत. जटपुरा गेटपर्यंत तसाच चाललास. मग माझ्या कडेवर आलास, एवढा मोठा घोडा, आणि बूट गेले माझ्या पिशवीत पालकाच्या जुडीवर. वाटेत माझी एक विद्यार्थिनी भेटली. तिला तू गंभीरपणे सांगितलंस की बूट बिघडलेले निघाले. इतक्या खात्रीनं बोललास की घरी पोचेपर्यंत मलाही ते बिघडलेलेच वाटायला लागले.

तुझ्या बाबांचं, आमच्या भाऊंचं, तेरावं होऊन महिना झाला. तुझा काही शब्द नाही. वाजिदभाईंच्या बूथवरून मी तीन वेळा फोन लावला. तिसऱ्या वेळी तिकडून कुणीतरी उचलला आणि ठेवला. वाजिदभाई म्हणाले, "नागपूरची लाइनच खराब हाये बाई, थंडीत असंच करते." मी हो म्हटलं. आम्हा दोघांनाही काय ते समजलं होतं.

तू नागपूरहून पोचलास तेव्हा तुझ्या वडिलांच्या गळ्यात काविळीची माळ होती. ती तू ओढून काढलीस, रुमालात बांधलीस, आणि अंगणात सगळ्या गावासमोर मला म्हणालास, "मिशनच्या शाळेत, सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली बाई तू. आणि माझ्या बापाला झाडपाल्यावर ठेवलंस?" हे पत्र त्याचं उत्तर म्हणून लिहीत नाही.

दसरूसाठी लिहिते आहे.

राख थंड व्हायच्या आत तू पोलिसांत गेलास. दसरू अकरा दिवस कोठडीत होता. आता जामिनावर सुटला आहे आणि १४ मार्चला तालुक्याच्या कोर्टात तारीख आहे. वय सत्तरीच्या पुढे. चाळीस वर्षं तो आसपासच्या गावांना मुळ्या-पाला देतो. तू पोटात होतास तेव्हा रुखमावहिनीच्या पायांची सूज त्यानंच उतरवली होती. आता त्याच्या अंगणात कोणी येत नाही. त्याची बायको कलाबाई विहिरीवर गेली की बाया आपल्या घागरी बाजूला ओढतात. दसरूनं गुणवंतरावांना, आपल्या भाऊंना, मारलं, असं लोक म्हणतात. तुझ्या तक्रारीतही तेच आहे.

तू लिहून दिलंस की त्यानं भाऊंना मुळीचा रस पाजला. पाजला नाही, बेटा. मी घरात होते. त्यानं माळ घातली, आणि माळ म्हणजे काड्यांचे तुकडे आणि सूत. भाऊ अडुसष्ट वर्षांचे होते. तीन वर्षांपासून त्यांचं हृदय वाढलेलं होतं, त्याची गोळी चालू होती. एवढं ध्यानात घे आणि त्या म्हाताऱ्याला सोडव. कारण विचारू नकोस. माझ्यावर राग धर, तो तुझ्या हक्काचा आहे.

धान मळून झालं. तुझ्या खोलीचं कौल बदललं.

तुझी आत्या

२९ जानेवारी २०००

निकू,

कार्ड मिळालं. चार ओळी. अक्षर अजून तसंच आहे, 'क्ष'चा पाय खालच्या ओळीत जातो. कारण असेल तर लिही, नाहीतर कोर्टात बघू, असं म्हणतोस.

मग ऐक.

भाऊबीजेला तू इथं होतास. ओवाळून होईपर्यंत भाऊ तीनदा पाटावरून उठले आणि बाहेर जाऊन खोकून आले, ते तू पाहिलंस. तू गुरुवारी गेलास. खोकला तीन-चार दिवसांत पुष्कळ उतरला, छातीतली घरघर थांबली. ते ठीक झालं. पण रविवारपासून त्यांना अन्न नको झालं. मुगाची खिचडी ताटात वाढली तर वासानंच ओकारी.

सोमवारी सकाळी ते ओसरीवर बसले होते, समोर धानाचे भारे. मला हाक मारली. "भागी, मले सारं पिवरं काऊन दिसून राह्यलं?"

मी म्हटलं, धान पिवळंच असतं.

"धान नाई. तू. तुयी साडी पांढरी होय ना? दूधबी पिवरं दिसलं मले सकारी."

माझ्या डोक्यात दुसरा शब्दच आला नाही. कावीळ. काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले, बोलत आले, वर्गात चाळीस-चाळीस मुलांना सांगत आले. मी लगेच घरातली हळद बंद केली, तेल-तूप बंद केलं. उसाचा रस आणवला, मुळा किसून दिला. चंद्रपूरला न्यावं असं एकदा मनात आलं होतं. पण कापणीचे दिवस, गाडी मिळेना, आणि त्यांच्या औषधाचा कोर्स शनिवारी संपणार होता. तो पुरा करून जाऊ असं ठरवलं. सिस्टर आम्हाला सांगायच्या की हाती घेतलेलं अर्धवट टाकू नये. मी शिवणसुद्धा कधी अर्धवट टाकलं नाही.

मंगळवारी दसरूला बोलावलं. आता पुढचं मी पोलिसांना सांगितलेलं नाही, तुलाही नाही.

त्यानं भाऊंना उन्हात बसवलं. खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं दाबून पाहिली, लघवीचा रंग विचारला. मग हात धरून किती वेळ बसला. भाऊ म्हणाले, "काय पाह्यतं दसरू, मी मेलो का जित्ता?" तो म्हणाला, "मेलेला मानूस इतकी बडबड नाई करत, भाऊ." दोघंही हसले. मग मला आवाज देऊन गोठ्याकडे नेलं.

"बाई, हे कावीर नाई. डोरे पांढरे हायेत, नखं पांढरे हायेत, पानीबी साफ जाऊन राह्यलं. पन नाडी लय मांगंमांगं चालते. अटकते, मंग चालते. तुमी मोठ्या डाक्टरले दाखवा. मले हे समजत नाई."

मी त्याला म्हटलं, त्यांना सगळं पिवळं दिसतंय, आणखी काय हवं तुला? त्यानं पुन्हा मोठ्या डॉक्टरचंच नाव काढलं. मी म्हटलं, तुला समजत नसेल तर निदान माळ घाल. तो नको म्हणाला. पुन्हा म्हटलं, पुन्हा नको म्हणाला. मग मी आवाज चढवला. माझा तो वर्गातला आवाज तुला ठाऊक आहे. दसरू खाली बसला, पिशवीतून काड्या काढल्या आणि सुतात गाठी मारत माळ करायला लागला. माझ्याकडे वर पाहिलं नाही.

माळ वाढत होती, निकू. बुधवारी छातीवर आली, गुरुवारी पोटावर. माळ वाढली की कावीळ उतरते म्हणतात. मी दर दोन तासांनी ती बघत होते. भाऊंच्या पायांत बळ राहिलं नव्हतं, गुरुवारी त्यांनी मला आई म्हणून हाक मारली, आणि मी माळ कुठवर आली ते बघत होते. शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास पाणी मागितलं. घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पोलिसांनी विचारलं, माळ कुणी घातली. दसरू म्हणाला, मी. बस. बाईंनी घालायला लावली, मी मोठ्या डॉक्टरकडे न्या म्हटलं होतं, यातलं एक अक्षर बोलला नाही. मी त्याच ओसरीत खांबाला धरून उभी होते. मीही बोलले नाही.

काल त्याच्याकडे गेले होते. का बोलला नाहीस म्हणून विचारलं. तो बिडी विझवून म्हणाला, "तुमी सांगान म्हनून वाट पाह्यलो, बाई."

मग मी विचारलं, कावीळ नव्हती तर माळ वाढली कशी? त्यानं विझलेली बिडी कानामागे ठेवली. "माळ कोनाच्याबी गऱ्यात वाढते. सुताच्या गाठी सैल होतेत, बाई." बरी होतात ती माणसं पथ्यानं होतात, म्हणाला, पण गळ्यात माळ नसली तर पथ्य कोण पाळतो? हे त्यानं चाळीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. मी तुला सांगते आहे ते तू कोर्टात बोलू नकोस. त्याचं पोट त्यावर आहे.

हे झालं कारण. आता तरी मागे घे.

आत्या

१७ फेब्रुवारी २०००

निकू,

उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण आता आधीपेक्षा जास्त माहीत आहे.

मागच्या आठवड्यात चंद्रपूरला गेले होते, माझ्यासाठीच. मला हल्ली पाण्याची घागर उचलली की दम लागतो. तुला तहसीन आठवते? शिंपीकाम करणाऱ्या सादिकमियांची मुलगी, आपल्या क्वार्टरमागे राहायची. तू तिच्या वेणीला झाडू म्हणायचास. ती आता हृदयाची डॉक्टर आहे. माझ्याकडे दहावीपर्यंत मराठी शिकली. अजून उभी राहून बोलते, मी बस म्हणेपर्यंत.

तिनं तपासलं. माझंही हृदय कमजोर निघालं. चिठ्ठीवर गोळी लिहिली, सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार-रविवार सुट्टी. मी म्हटलं, ही तर आमच्या भाऊंची गोळी. ती म्हणाली, ते कसे आहेत? मी सांगितलं. कावीळ झाली, सगळं पिवळं दिसायला लागलं, पाच दिवसांत गेले.

तिनं पेन खाली ठेवलं.

"बाई, विभक्ती तुम्हीच शिकवली आम्हाला," ती म्हणाली. "डोळे पिवळे दिसणं आणि डोळ्यांना पिवळं दिसणं, हे एकच आहे का?"

मी तीस वर्षं मराठी शिकवली. ती दोन वाक्यं मी मनातल्या फळ्यावर लिहून पाहिली.

काविळीत त्या माणसाचे डोळे आपल्याला पिवळे दिसतात. त्याला बिचाऱ्याला जग पूर्वीसारखंच दिसतं. भाऊंचे डोळे पांढरे होते, दसरूनं ते मला दाखवलंही होतं. ज्याला जग पिवळं दिसायला लागतं, अन्नाची शिसारी येते आणि नाडी मागे पडते, त्याच्या अंगात ही हृदयाची गोळी फार झालेली असते. तिनं मला हे चार वाक्यांत समजावलं. शाळेतही तिची उत्तरं अशीच नेमकी असत.

शहाण्णव साली भाऊंना ही गोळी सुरू झाली तेव्हा दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहून दिलं होतं की रोज आधी नाडी मोजा, साठच्या खाली असेल तर गोळी देऊ नका. वर्षभर मी रोज मोजली. रोज सत्तर-बहात्तर. मग सोडून दिलं. आणि शेवटच्या बुधवारी गोळी घेतल्या घेतल्या त्यांना उलटी झाली, तेव्हा गोळी वाया गेली असेल म्हणून मी आणखी एक दिली. त्यांना नको होती. मी त्यांचं डोकं धरून दिली.

तेव्हा चूक माझी. दसरूची नाही, माळेची नाही. म्हातारीनं गोळ्यांत घोळ घातला. चौदा तारखेला कोर्टात मी हेच सांगणार. तू पुढे होऊन तक्रारीत चूक झाली म्हणालास तर दसरू त्याच दिवशी सुटेल, असं त्याचे वकील म्हणतात.

तहसीननं आणखी काही विचारलं आणि सांगितलं. ते डॉक्टरी आहे, पत्रात लिहिण्याजोगं नाही.

माझी काळजी करू नकोस. गोळी घेते, नाडी मोजते. थोडा खोकला आहे, तो फेब्रुवारीत होतोच.

आत्या

१० मार्च २०००

निकू, माझ्या राजा,

मार्कंड्याची जत्रा आटोपली, आणि सोमवारी पोस्टमननं तुझं पत्र आणि पुडा एकदमच आणून दिला. रस्त्यावर अजून यात्रेकरूंच्या गाड्या होत्या. मी दारातच उभ्यानं पत्र वाचलं. तीन पानं. इतकं मोठं पत्र तू हॉस्टेलवरूनही कधी लिहिलं नाहीस.

तू लिहितोस, "वय झालं की चुका होतात आत्या. बाबांचं तू जे केलंस ते मी विसरलेलो नाही. चौदाला मी येतो, दसरूच्या बाबतीत माझी चूक झाली असं सांगतो. मग दोन दिवस तुझ्याकडे राहतो." हे वाक्य मी कलाबाईला जाऊन वाचून दाखवलं. ती सुपातले तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "खाऊन जा बाई." मी जेवून आले. तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

घरी येऊन पुडा उघडला. गोळ्यांची पाकिटं, आणि तुझी चिठ्ठी. "खोकल्यासाठी. बाबांना यानंच आराम पडला होता. कोर्स पूर्ण कर, एकही चुकवू नकोस."

चार दिवस तो पुडा देवळीत आहे. मी त्यातली एकही घेतलेली नाही, घेणारही नाही. आणि चार दिवस हे पत्र मी लिहायला बसते आणि उठते.

मला काही लिहायची गरज नव्हती, निकू. दसरू सुटत होता. तू घरी येत होतास. पुडा वैनगंगेत टाकून यायचा आणि तुला कळवायचं, आराम पडला. एवढंच करायचं होतं. सोमवारी रात्रीपर्यंत मी तेच करणार होते. मग वाटलं, हा मुलगा प्रेमानं देतो. हा देतच राहील. आज मला दिलं, उद्या सासऱ्यांना देईल, ऑफिसमधल्या कुणाच्या म्हाताऱ्या आईला देईल, आणि वर म्हणेल की माझ्या बाबांना यानं आराम पडला होता.

मागच्या पत्रात मी 'डॉक्टरी आहे' म्हणून जे टाळलं ते आता लिहिते.

सगळं ऐकून झाल्यावर तहसीननं विचारलं होतं, "त्या दिवसांत खोकल्याला काही चालू होतं का, बाई?" माझ्या पर्समध्ये ते पाकीट होतं. का ठेवलं होतं कोण जाणे. वीस गोळ्यांचं, त्यात दोन उरलेल्या. तिनं ते उजेडाकडे धरून नाव वाचलं, मग टेबलावर ठेवलं. म्हणाली, एका जादा गोळीनं माणूस असा जात नाही. हे औषध जंतू मारतं, चांगलं मारतं, पण हृदयाच्या त्या गोळीला अंगातून बाहेर पडायची जी वाट असते ती अडवतं. शिवाय काही माणसांच्या आतड्यांतले जंतू त्या गोळीचा थोडा भाग नासवत असतात, तेही या औषधानं मरतात. मग रोजची गोळी रोज साचत जाते. म्हातारपणी मूत्रपिंडं आधीच मंद झालेली. पाच दिवसांत तेवढीच गोळी दुपटीची होते. तरण्या माणसाला काही होत नाही.

तिनं विचारलं, हे कुणी दिलं? मी म्हटलं, दुकानातून आणलं. ते पहिलं खोटं. दुसरं तुला लिहिलं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी तू बॅगेतून ते पाकीट काढलंस. दसऱ्यानंतर तुझी छाती भरली होती, तुझ्या डॉक्टरनं तुला हेच दिलं होतं, दोन दिवसांत मोकळं वाटलं. म्हणून बाबांसाठी तू दुकानातून तेच आणलंस. तू भाऊंना म्हणालास, "महाग औषध आहे बाबा, टाळू नका." आणि मला म्हणालास, "आत्या, कोर्स पूर्ण करून घे, तू असलीस की मला भीती नाही." भाऊंनी ती पहिली गोळी तुझ्या हातून घेतली. तू गेल्यावर दोन दिवस ते येईल-जाईल त्याला पाकीट दाखवत होते. पोराने नागपूरहून आनलं म्हणून.

खोकल्याच्या औषधाचा हृदयाशी काय संबंध, असं तुला वाटलं. मलाही तसंच वाटलं. त्या घरात शिकलेली माणसं आपण दोघंच होतो. दसरू शिकला नाही, त्याला नाडी अडखळताना कळली आणि 'मले हे समजत नाई' असं तो म्हणाला. मी आयुष्यात ते वाक्य कधी म्हटलं नव्हतं.

तू मारलंस असं मी म्हणत नाही, आणि तू तसं म्हणायचं नाहीस. पहिली तू दिलीस. सतरा मी दिल्या, सकाळ-संध्याकाळ, घड्याळ बघून. शुक्रवारची सकाळचीसुद्धा. ती दिली तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते आणि मी मनात हिशेब केला की आता दोनच राहिल्या.

हे वाचून तू काय करशील याची मला भीती आहे. तू चार वर्षांचा होतास तेव्हा रुखमावहिनी गेली. तुला मी नदीवर नेलं नव्हतं, आई मामाकडे गेली म्हणून सांगितलं होतं. तू महिनाभर मामाच्या गावची बस आली की फाटकात जाऊन उभा राहायचास. नंतर तुला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, आणि तू माझ्याशी आठ दिवस बोलला नाहीस. या वेळी दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मी सांगते आहे. मंगळवारी साक्षीत मला विचारतील की गोळ्या कुणी आणल्या. मी शपथ घेऊन खोटं बोलणार नाही. तू समोरच्या बाकावर असताना ते तुझ्या कानावर पडू नये म्हणून हे आज लिहिलं. त्याचं पुढे काय करतील ते मला माहीत नाही. तहसीन म्हणते, नकळत झालेलं आहे, ती साक्षीला यायला तयार आहे. तू आला नाहीस तरी मी समजून घेईन.

वाजिदभाई उद्या पहाटेच्या गाडीनं नागपूरला चालले आहेत. पत्र त्यांच्या हाती देते आहे. तुझा पुडा, आतली पाकिटं न फोडता, परत पाठवला आहे. तो दुकानात परत कर, घरात ठेवू नकोस. तहसीननं हे सगळं कोर्टासाठी लिहून दिलं आहे, सोबत त्या पत्राची एक प्रत आहे, ती तुझी. सावकाश वाच, एकटा वाचू नकोस. दुसरी प्रत मी दसरूच्या वकिलांना देईन, आणि दोन गोळ्या राहिलेलं पाकीट कोर्टाला.

मंगळवारी तुझ्यासाठी भाऊंचं घड्याळ आणायचं मी विसरणार नाही. सेकंदकाटा चालतो. आपल्या घरात ही हृदयं अशीच आहेत, तेव्हा नाडी मोजायला शिकून ठेव. दवाखान्याची ती शहाण्णवची चिठ्ठी सध्या मला लागते. माझ्यानंतर ती फेकू नका. वाजिदभाईंच्या आईलाही हीच गोळी आहे असं कालच कळलं, त्यांना मी मोठ्या अक्षरात नक्कल करून दिली.

नदीकडच्या बांधावर मोह गळायला लागला आहे. भाऊ असते तर पहाटेच टोपली घेऊन गेले असते. यंदापासून त्या चार झाडांचा मोह कलाबाईनं वेचावा. मी तिला सांगितलं आहे, तू त्यात बोलू नकोस. माझी पुस्तकं शाळेला. पांढऱ्या साड्या कुणाला देऊ नका, कुणी घेणार नाही. कोर्टानं माळ परत केली तर ती दसरूची, आपली नाही.

राहिलं एक. त्या गोळ्या तू आणल्या होत्यास हे दसरूला मी सांगितलेलं नाही. तो मला विचारतही नाही. मंगळवारी कोर्टात अकराला पुकारा होतो. त्याआधी त्याच्या अंगणात जा, तो बस म्हणाला की बस, आणि त्याला ते तू सांग.

तुझी आत्या,
भागीरथा